लाल खुणेच्या वर पाणी

काटसावरीच्या पंचायतीचा भोंगा सुरू झाला की आधी खाकरल्याचा आवाज येतो आणि मग बयनाबाई बोलायला लागते. 'ऐका हो ऐका' असं ती कधी म्हणत नाही. ते तिच्या नवऱ्याचं होतं. तो डफडं वाजवत गल्लोगल्ली दवंडी द्यायचा. तो वारला आणि पंचायतीने त्याच्या जागी हिला घेतलं, तोवर डफडं जाऊन माइक आला होता. बयनाबाई थेट मुद्द्यावर येते. "उद्या टाकी धुणं हाय. सकाळी नळ नाई येणार. आजच भरून ठेवा, मंग माह्या नावानं बोंबलू नका."

काटसावरी तेलंगणातल्या तलमडुगु मंडलात, म्हणजे तालुक्यात, अगदी टोकाला. महाराष्ट्राची हद्द शेताच्या बांधाइतकी जवळ. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात ज्याला जी कळेल ती हिंदी. समोरून नाला, मागे डोंगर. नाल्यावर बुटका रपटा, म्हणजे जोराच्या पावसात पाण्याखाली जाणारा फरशीपूल, आणि तलमडुग्याला, आदिलाबादला जायचं तर त्या रपट्यावरूनच. डोंगरामागून एक पायवाट निघते खरी, पण तिलाही पुढे तोच नाला वळण घेऊन आडवा येतो.

बयनाबाईचं काम म्हणजे पहाटे टाकीचा व्हॉल्व्ह उघडणं, आठवड्याला ब्लीचिंग टाकणं, गटारं काढणं, दिवे लावणं आणि माइक. त्या माइकवर वर्षाचे सगळे ऋतू येऊन जायचे. उन्हाळ्यात, अकरा ते चार शेतात राहू नका. पावसाळ्यात, झाडाखाली उभे राहू नका, पाणी उकळून प्या, साप चावला तर मांत्रिकाकडे बसू नका, दवाखाना गाठा. कपाशीवर फवारणी सुरू झाली की तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करा. थंडीत, म्हाताऱ्या माणसांना ओसरीत झोपवू नका, बंद खोलीत शेगडी ठेवू नका.

हे सगळं तिच्या मोबाईलवर तेलुगूत यायचं आणि ती अडायची. ती चौथी शिकलेली, तीही गावात मराठी शाळा होती तेव्हा. तेलुगू बोललेलं कामापुरतं कळायचं. लिहिलेलं म्हणजे तिच्यासाठी सगळी अक्षरं सारखीच गोल. म्हणून मेसेज आला की ती घराकडे हाक मारायची, "हर्षाली, पाह्य वं माय, काय म्हणून राह्यले."

हर्षाली तिची एकुलती एक लेक. ती वाचायची, बयनाबाई विचारायची, "म्हणजे काय?" मग हर्षाली सांगायची आणि बयनाबाई ते आपल्या भाषेत फिरवून माइकवर घ्यायची. मेसेजमध्ये असायचं विद्युत अपघात टाळण्याबाबत. बयनाबाई म्हणायची, "ओल्या हातानं मोटरचं बटन दाबू नका. मागल्या साली दोन बैल एका झटक्यात गेले, ध्यानात हाय ना?" लोक हसायचे, "बयनाबाईचं सुरू झालं," म्हणायचे, पण ऐकायचे. सेक्रेटरी मॅडम आदिलाबादहून येऊन-जाऊन काम पाहायच्या. त्या एकदा हिंदीत म्हणाल्या होत्या, "बयनम्मा, आप बोलती हैं तो लोग समझते हैं." ही शाबासकी निम्मी आपल्या पोरीची आहे हे बयनाबाईला माहीत होतं. त्या वेळी ती ते बोलली नाही.

हर्षालीने बारावीनंतर नर्सिंगला अर्ज केला होता. ऑगस्टात तिचं नाव लागलं. मूळ कागद घेऊन आदिलाबादला जायचं, तपासून घ्यायचे, की सीट पक्की. तीन दिवसांची मुदत होती. पहिले दोन दिवस एका दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून घेण्यात गेले, तिथे 'हर्षाली'चं 'हर्षली' झालं होतं. मंगळवारी संध्याकाळी कागद हातात आला. बुधवार शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत.

मंगळवारी रात्री पावसाने जोर धरला तो थांबलाच नाही. बुधवारी उजाडताना फोन वाजला. हर्षालीने वाचलं आणि पुन्हा वरपासून वाचलं.

"काय म्हणते?"

"वरद," हर्षाली म्हणाली. "पूर. वरच्या भागात लई पाणी झालं. रपट्यावरच्या खांबाची लाल खूण बुडाली की कोणालेच जाऊ द्याचं नाई. दोर बांधून पंचायतीचा माणूस उभा ठेवायचा."

पंचायतीचा माणूस म्हणजे बयनाबाईच. पाठोपाठ मॅडमचा फोन आला. त्या तिकडेच अडकल्या होत्या. "बयनम्मा, एक को भी मत छोड़ना. मेसेज आने तक रास्ता बंद."

तिने माइकवर सांगितलं, दोर घेतला आणि नाल्यावर गेली. लाल खूण दिसत नव्हती. रपट्यावरून मातकट पाणी धावत होतं. फार नव्हतं, मांडीइतकं असेल. पण बयनाबाईने असंच पाणी दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं. त्या दिवशी तिने माइकवरून नको म्हटलं असतानाही द्वारकाबाईचा मुलगा मोटारसायकल घेऊन उतरला होता. तो सापडला तो दुसऱ्या दिवशी, दोन कोस खाली, बाभळीत अडकलेला. तेव्हापासून हा दोर आला, खांब आला, लाल खूण आली.

नऊ वाजता हर्षाली आली. नवा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, कागदांची फाईल दोन पिशव्यांत गुंडाळलेली.

"पाणी उतरन," बयनाबाई म्हणाली. "दहा वाजेलोक उतरन."

दहा वाजले. खूण बुडालेलीच. अकरा वाजले. दोराजवळ दहा-बारा माणसं जमली होती. कोणाला बाजाराला भाजी न्यायची होती, कोणाला दवाखान्यातून आईला आणायचं होतं. जो तो बयनाबाईकडे पाहायचा, जणू पाणी तिनेच सोडलं होतं.

साडेअकराच्या सुमारास रविकांत ट्रॅक्टर घेऊन आला. गावातला तरणा शेतकरी, मनाचा चांगला, पण कोणाचं ऐकायची सवय नसलेला. त्याने इंजिन सुरूच ठेवलं. "काकू, सोडा ना दोर. ट्रॅक्टरले काय व्हते? अर्धं चाक बी नाई बुडत."

"नाई सोडत."

"मले नका सोडू. पोरीसाठी तं सोडा. आज शेवटचा दिवस हाय म्हणते ना तिचा?" तो हर्षालीकडे वळला. "चाल बस मागं. दहा मिनिटात तिकडे."

हर्षालीने आईकडे पाहिलंच नाही. तिने फाईल छातीशी धरली आणि ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडावर पाय ठेवला.

बयनाबाईने तिचा दंड पकडला. किती जोरात, ते तिला नंतर हर्षालीच्या हातावरचे वळ पाहून कळलं.

"माय, सोड."

"उतर खाली."

"सोड म्हणते ना. सगळे जाऊन राह्यले."

"कोणी नाई जाऊन राह्यलं. उतर."

"बयनाबाई," भाजीवाला मागून म्हणाला, "पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय."

बयनाबाईने पकड आणखी घट्ट केली. तिला माहीत होतं की हर्षाली त्या ट्रॅक्टरवर बसली, तर मागची दहा-बारा माणसंही बसतील, आणि मग दोर हातात धरून उभं राहण्यात काही अर्थ उरणार नाही. स्वतःच्या लेकीला सोडून दुसऱ्याच्या लेकराला कोणत्या तोंडाने अडवायचं? आणि लेकीला अडवून घरी कोणत्या तोंडाने जायचं? इकडे आड, तिकडे विहीर, अशी तिची गत झाली. हात मात्र सुटला नाही.

रविकांत वैतागला. दोर होता तिथून खाली शेतातून वळसा घालून त्याने ट्रॅक्टर रपट्यावर घातला. भाजीवाला आणि आणखी एक जण उड्या मारून मागे चढले. मध्यावर पाण्याच्या दणक्याने ट्रॅक्टर एकदा कडेला सरकला. इकडच्या बायका किंचाळल्या. बयनाबाईने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ट्रॅक्टर पलीकडच्या चढावर होता. रविकांत उभा राहून हात हलवत होता.

काही झालं नव्हतं. पोहोचले होते तिघंही.

हर्षालीने दंड सोडवून घेतला. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच बयनाबाईला तो जास्त लागला. "मी गेली तर तुले मेसेज कोण वाचून दाखवन? हे हाय ना मनात? म्हणून नाई जाऊ देत."

'नाही' म्हणायला बयनाबाईचं तोंड उघडेना. नाव लागल्याचं कळलं त्या दिवशी तिने गूळ वाटला होता, आणि त्याच रात्री पडल्या पडल्या तिच्या मनात हेच येऊन गेलं होतं, आता मेसेज कोण वाचणार. नोकरी गेली तर घर कशावर चालणार. म्हणजे पोरगी म्हणते त्यात काहीतरी होतं. किती होतं, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

ट्रॅक्टर गेल्याचं पाहून उरलेल्यांनी गिल्ला केला. "आमालेच काऊन अडवता? ते गेले नाई का?" एक जण दोराखालून वाकून निघालाच. तेवढ्यात गर्दीतून द्वारकाबाई पुढे आली. मुलगा गेल्यापासून ती नाल्याकडे फिरकली नव्हती. तिने दोराचं दुसरं टोक उचललं, आपल्या मुठीला गुंडाळलं आणि बयनाबाईच्या शेजारी उभी राहिली. वाकलेला माणूस मागे सरला. गिल्ला थांबला.

हर्षाली एका दगडावर जाऊन बसली. पावसाची रिपरिप चालू होती. तिने छत्री घेतली नाही, फाईलवर तेवढी ओढणी पांघरली.

दीड वाजता पाणी उतरायला लागलं. सव्वादोनला लाल खुणेची वरची कड दिसली. मेसेज नव्हता. बयनाबाईने मॅडमला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. तिने हर्षालीकडे पाहिलं, मग खांबाकडे. मेसेज आल्याशिवाय सोडायचं नाही, असं सांगितलं होतं. आणखी पाच मिनिटं गेली, दहा गेली. खूण पूर्ण उघडी पडली. मग तिने दोर द्वारकाबाईकडे दिला, हातात काठी घेतली आणि एकटी रपट्यावर उतरली. प्रत्येक पावलाला काठी टेकवत पलीकडे गेली, परत आली. पाणी घोट्याच्या थोडं वर होतं. रपटा कुठे खचला नव्हता. "एकेकानं जा," ती म्हणाली. "हात धरून."

सर्वांत आधी हर्षाली गेली. मागे वळून न पाहता. बयनाबाईला तिच्यासोबत जायचं होतं, पण दोर, माइक, टाकीचा व्हॉल्व्ह, सगळं इकडे होतं. रस्ता मोकळा झाल्याचा मेसेज त्यानंतर पंधरा मिनिटांनी आला. तो तिला वाचता आला नाही.

पलीकडून ऑटो मिळेपर्यंत तीन वाजले, तलमडुग्याहून बस निघायला साडेतीन झाले, वाटेत झाड पडलेलं होतं. साडेपाचला हर्षालीचा फोन आला. "बंद झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात गावात बयनाबाईची वाहवा झाली. माइकवर ती बोलली की आता हसत कोणी नव्हतं. रविकांतसुद्धा घरी येऊन गेला. ओसरीत उभ्याउभ्याच म्हणाला, "काकू, मधात चाक उचललं व्हतं. मले वाटलं संपलं. तुमी पोरीले नाई बसू दिलं, बरं केलं." किराणा दुकानात एक म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला, "सख्ख्या पोरीले नाई सोडलं तिनं. याले म्हणते ईमान." हर्षाली तिथे साबण घ्यायला उभी होती. घरी येऊन तिने साबण कोनाड्यात ठेवला. "तुझी इज्जत वाढली गावात. माह्या सीटवर उभी हाय ती."

त्यानंतर ती मेसेज वाचायची, पण नुसता वाचायची. तेलुगूत जसा आहे तसा, एका सुरात. 'म्हणजे काय' विचारलं तर एका वाक्यात सांगून उठायची. फवारणीच्या दिवसांत एक लांबलचक मेसेज आला. हर्षालीने फोन खाली ठेवला. "डोकं दुखून राह्यलं," म्हणाली आणि आत गेली. बयनाबाई फोन घेऊन शाळेत गेली. सगळी पोरं टकमक पाहत असताना मास्तरांना म्हणाली, "एवढं वाचून द्या, मले येत नाई." पाच वर्षं माइकवर बोलणारी बाई असं म्हणते आहे, हे पोरांना खोटं वाटलं. घरी परत येताना तिला वाटलं, आपण या गावात, या नोकरीत, या भोंग्यात दावणीला बांधल्यासारखे आहोत, आणि आपलं दावं पोरीच्या गळ्यातही टाकून बसलो आहोत.

कापूस वेचणीला दोघी रोज जायच्या. कार्तिक संपत आला होता. सकाळी बोंडांवर दव असायचं, बोटं आखडायची. तास तास दोघी एक शब्द बोलायच्या नाहीत, नुसता कापूस कमरेला बांधलेल्या ओटीत पडत राहायचा. एक दिवस बयनाबाई मधेच थांबली.

"हर्षाली, तू नाल्यावर मले विचारलं व्हतं."

हर्षालीने मान वर केली नाही.

"थोडं खरं व्हतं ते," बयनाबाई म्हणाली. "पाण्याचं भेव खरं व्हतं. द्वारकीचं पोरगं डोळ्यासमोर व्हतं. पण ते बी व्हतं. तू गेल्यावर माह्यं काय, हे बी मनात आलं व्हतं. त्या दिवशी किती पाणी व्हतं अन् किती मी व्हती, मलेच नाई समजत. रोज विचार करते."

हर्षालीने आणखी दोन बोंडं वेचली. मग तिचे हात थांबले. "मले वाटे तू कधीच नाई म्हणणार."

"आता म्हटलं."

"सीट तं गेली ना."

"गेली," बयनाबाई म्हणाली. तिने पुढच्या बोंडाला हात घातला.

दोन-तीन दिवसांनी हर्षालीने आपली पहिलीची जुनी पाटी काढली आणि आईसमोर ठेवली. माफ केलं वगैरे ती काही बोलली नाही. म्हणाली एवढंच, "पुढच्या साली मी जाईनच. त्याच्याआधी तुले वाचता आलं पायजे." तिचं शिकवणं कडक होतं. 'म' आणि 'य' बयनाबाईला एकच वाटायचे, हर्षाली डोक्यावर टपली मारल्यासारखी पाटीवर खडू आपटायची. 'पिडुगु' म्हणजे वीज, 'वागु' म्हणजे नाला, 'जाग्रत्त' म्हणजे सांभाळून. 'वरद' लिहून दाखवलं तेव्हा बयनाबाईला हसू आलं. "आपल्यात वरद म्हटलं की गणपती. अन् यांच्यात पूर?" हर्षालीही हसली. त्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा.

संक्रांतीपर्यंत बयनाबाई शब्द जोडायला लागली. उन्हाळ्यात छोटा मेसेज तिचा तिला कळायचा, मोठ्याला अर्धा तास लागायचा. चूक होईल या धास्तीने ती माइकवर जाण्याआधी तीनदा वाचायची. चुकीचा दिवस सांगितला, चुकीची वेळ सांगितली, तर?

पुढच्या वर्षी हर्षालीचं नाव निर्मल शहराच्या बाजूच्या एका कॉलेजात लागलं. या वेळी कागद पहिल्याच दिवशी तपासून झाले. पोहोचवायला जायचं म्हणून बयनाबाईने दोन दिवसांची सुट्टी मागितली. मॅडम हळहळल्या, पण बदली माणूस नव्हता. पाण्याचे दिवस होते, टाकी कोण पाहणार. मग हर्षालीला तिचा मामा घेऊन गेला. बयनाबाईने तिची पेटी बसच्या टपावर चढवून दिली, चटणीची बरणी दोनदा हातात दिली आणि बस हलायच्या आत परत फिरली, कारण व्हॉल्व्ह बंद करायची वेळ झाली होती.

आठच दिवसांत एक मोठा मेसेज आला. बयनाबाई पंचायतीच्या खोलीत एकटीच होती. पहिल्या चार ओळी तिला लागल्या. विजा, दुपारनंतर, शेतातून लवकर घरी. पुढच्या दोन ओळींत एक शब्द दोनदा आला होता आणि तो तिला कोणत्याच बाजूने जोडता येईना. तिने हर्षालीला फोन लावला. ती वर्गात असावी, उचलला नाही. शाळेला सुट्टी होती. बाहेर उत्तरेला आभाळ दाटून येत होतं आणि बायका विळे घेऊन शेताकडे निघाल्या होत्या.

बयनाबाईने फोन टेबलावर उभा ठेवला, माइक ओढला आणि खाकरली.

"आज दुपारच्या नंतर विजा हाय. शेतात जाऊ नका, गेले असाल तं वापस या. झाडाखाली थांबू नका." ती क्षणभर थांबली. भोंग्यातून तिचा श्वास गावभर ऐकू गेला. "अजून दोन ओळी हाय. त्या मले वाचता नाई आल्या. वाचून झाल्या की सांगते. तवरक घरीच राहा."

तिने माइक बंद केला, खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे सरकवली आणि तो शब्द पुन्हा पहिल्या अक्षरापासून लावायला घेतला.